क्लिक आपला, मेल दुसऱ्याचा! डिफॉल्ट ब्राउझर आणि ईमेल कसं सेट करायचं?



चिपळूण तालुक्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी अलोरे आहे. कोयना प्रकल्पाची वसाहत असलेलं गाव. तिथल्या एक ताई कोकम आगळ आणि आंबापोळी करतात. पुण्यातल्या एका दुकानाच्या वेबसाइटवर त्यांना ईमेल पत्ता दिसला. त्यांनी त्यावर क्लिक केलं, मेलची खिडकी उघडली, दरपत्रक जोडलं आणि पाठवलं.

उत्तर काही आलं नाही. ताईंना वाटलं, माल पसंत नसेल. तीन आठवड्यांनी भाचा म्हणाला, "मावशी, माझ्या मेलवर कुणीतरी आंबापोळीचे नमुने मागितलेत!" त्याने कधीतरी त्या कॉम्प्युटरवर आपलं खातं जोडलं होतं आणि मेल तिथूनच गेला होता. तोवर दुकानदाराने दुसरीकडून माल घेतला होता.

चूक ताईंची नव्हती, सेटिंगची होती.

डिफॉल्ट म्हणजे काय?

घरात कुणी "दूध आण" म्हटलं की आपण नेहमीच्याच डेअरीत जातो. तसंच लिंकवर क्लिक केलं की कॉम्प्युटर ठरलेल्या ब्राउझरमध्येच पान उघडतो. ईमेल पत्त्यावर क्लिक केलं की ठरलेला मेल प्रोग्राम उघडतो. तुम्ही ठरवलं नाही, तर आधीपासून असेल तेच चालतं. जीएसटीचा पासवर्ड क्रोममध्ये सेव्ह आणि लिंक उघडते एजमध्ये, हा गोंधळ यामुळेच होतो.

ही गोष्ट छोटी समजू नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. अँड्रॉइड फोनमध्ये आधीच बसवून दिलेली ॲप्स हा त्यातला मोठा मुद्दा होता. कारण साधं आहे. समोर जे येतं, तेच बहुतेक लोक वापरत राहतात.

ब्राउझर असा ठरवा (विंडोज ११)

१. स्टार्ट → सेटिंग्ज → ॲप्स → डिफॉल्ट ॲप्स.
२. यादीतून तुमचा ब्राउझर निवडा, उदा. क्रोम.
३. वरच्या 'सेट डिफॉल्ट' बटणावर क्लिक करा.

विंडोज १० मध्ये त्याच पानावर 'वेब ब्राउझर' आणि 'ईमेल' असे वेगळे पर्याय दिसतात.

ईमेल असं ठरवा

जीमेल हा कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम नाही, ती वेबसाइट आहे. म्हणून कामं दोन आहेत.

१. डिफॉल्ट ॲप्सच्या पानावरच्या शोधचौकटीत 'मेलटू' हा शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाइप करा आणि क्रोम निवडा.
२. क्रोममध्ये जीमेल उघडा. पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे दोन एकमेकांवर आलेल्या चौकटींचं चिन्ह दिसेल. त्यावर क्लिक करून 'अलाऊ' म्हणा.

आउटलुक वापरत असाल, तर 'मेलटू'साठी आउटलुक निवडा आणि त्यात धंद्याचंच खातं आहे ना, ते बघा. विंडोजचं जुनं 'मेल' ॲप मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ पासून बंद केलंय. अजून तेच उघडत असेल तर आजच बदला.

आता चाचणी घ्या

कुठल्याही वेबसाइटवरच्या ईमेल पत्त्यावर क्लिक करा. खिडकी उघडली की 'टू'मध्ये स्वतःचा पत्ता टाका आणि मेल पाठवा. आलेल्या मेलमध्ये पाठवणाऱ्याचं नाव कुणाचं आहे? तुमच्या धंद्याचं हवं. एकाच ब्राउझरमध्ये घरच्यांची खाती असतील, तर धंद्यासाठी क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल करा.

एक सावधगिरी

ही सेटिंग फक्त स्वतःच्या कॉम्प्युटरवर करायची. सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या दुकानात पासवर्ड सेव्ह करू नका आणि निघताना साइन आउट करा.

आजचा गृहपाठ: दहा मिनिटं काढा आणि वरची चाचणी आजच करा. अलोऱ्याच्या ताईंनी आता सेटिंग बदललंय. शिवाय दरपत्रक पाठवलं की दोन दिवसांनी त्या फोन करून विचारतात, "मेल मिळाला का?" ही सवय तुम्हीही लावून घ्या. माल चांगला असून चालत नाही, गिऱ्हाइकाचं उत्तर आपल्यापर्यंत पोचायला हवं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शिकत राहा, धंदा वाढवत राहा!