नकाराला उत्तर

चि. सोनूस,


अकाउंट्सच्या त्या जागेसाठी तू शेवटच्या फेरीपर्यंत पोचलीस आणि मग नकार आला, हे तुझ्या आईकडून कळलं. दोन दिवस रड, झोप, कुणाशी बोलू नकोस. पण तिसऱ्या दिवशी त्यांना उत्तर लिही, हे सांगायला हे पत्र. 'आपली निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा' अशा छापील मेलला कसलं उत्तर द्यायचं, असं तुला वाटेल. तरी माझं म्हणणं नीट ऐक.

जागा एक आणि शेवटच्या फेरीत पाच जण असले, तर चौघं लायक असूनही परत जाणारच. शिवाय ज्या मापाने तुम्हा पाचजणांना मोजलं ते मापही फार पक्कं नसतं. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 1998 साली नोकरभरतीवरचं 85 वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं. सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून घेतलेल्या मुलाखतीपेक्षा, सुचेल ते विचारत घेतलेल्या मुलाखतीवरून माणूस पुढे काम कसं करेल याचा अंदाज कमी बरोबर येतो, असं त्यात दिसलं. आपल्याकडच्या कितीतरी मुलाखती या दुसऱ्या प्रकारच्याच. आणि कधी माप सैल नसतं, सरळ खोटंच असतं. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल या अभ्यासकांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले, फक्त नावं बदलली. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी स्पष्टपणे कमी आली. 2007 साली हा अभ्यास 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आला. तेव्हा एका नकारावरून स्वतःची किंमत ठरवायला बसू नकोस.

यावर तू विचारशील, मापच असं असेल तर सुधारायचं काय? प्रश्न रास्त आहे. निकाल त्यांच्या हातात होता, पण मुलाखतीच्या त्या चाळीस मिनिटांत काय घडलं ते तुलाही ठाऊक आहे. खासगी कंपनीवर कारण सांगायचं बंधन नाही. 2005 चा माहिती अधिकार कायदा तिला लागू होत नाही. म्हणून कारण त्यांच्याकडे मागत बसण्यापेक्षा आजच वही घे आणि विचारलेले सगळे प्रश्न आठवतील तसे उतरव, आठवड्याने निम्मे विसरशील. प्रत्येकापुढे एवढंच लिही: येत होतं, येत होतं पण सांगता आलं नाही, येतच नव्हतं. समज, खरेदीच्या नोंदी पुरवठादारांच्या रिटर्नवरून बनणाऱ्या जीएसटीआर-2बीशी कशा जुळवशील, इथे तू अडलीस. मग एखाद्या ओळखीच्या दुकानदाराचं एका महिन्याचं खरेदी रजिस्टर माग, शेजारी 2बी ठेव आणि एकेक बिल टिक करत जा. कुठलं बिल 2बीत नाही, पुरवठादाराने रिटर्न भरलं नाही की बिल नंबर चुकला, हे हाताने शोधलंस की पुढच्या वेळी पाठांतर सांगावं लागणार नाही. 'सांगता आलं नाही' यावर औषध वेगळं: तेच उत्तर मोठ्याने, घड्याळ लावून, दोन मिनिटांत. या दोन चुका एकत्र करून 'आपल्याला काही येत नाही' असा निष्कर्ष काढला की मुलं नको त्या कोर्सला पैसे भरतात, म्हणून हे इतकं लांबण लावून सांगते आहे.

आता उत्तराकडे येते. अनेक कंपन्यांत नोटीस पीरियड दोन-तीन महिन्यांचा असतो. निवडलेला माणूस कधी कधी त्या काळात हातातलं ऑफर लेटर दाखवून दुसरीकडे जास्त पगार मिळवतो, किंवा जुनी कंपनीच त्याला वाढ देऊन थांबवते. जॉइनिंगच्या दिवशी तो येतच नाही, आणि एचआरला यादीतलं पुढचं नाव शोधावं लागतं. त्या वेळी ज्याचं सभ्य उत्तर मेलमध्ये पडलेलं असतं त्याला फोन करणं सोपं जातं. यात लाचारी आहे, असं तुझ्या मनात येईल. पुन्हा विचार करा म्हणून गयावया केलीस तर ती लाचारी. वेळ दिल्याबद्दल आभार, काम आवडलं होतं, पुन्हा जागा निघाली तर जरूर कळवा, आणि या कामासाठी मी कुठली एक गोष्ट पक्की करावी हा एक प्रश्न, यात मान खाली घालण्यासारखं काही नाही. 'मला का नाकारलं' असं मात्र विचारू नकोस. त्यावर वाद होईल या भीतीने ते गप्पच बसतील. पुढचं विचारलंस तर निदान एखादं वाक्य मिळू शकतं. नाहीच मिळालं तरी बिघडत नाही, तुझं नाव तिथे नीट राहिलं.

एक अपवाद सांगते. मुलाखतीत जात काढली असेल, किंवा लग्न कधी, मूल कधी असे प्रश्न झाले असतील, तर आभार मानू नकोस. तारीख आणि प्रश्न मात्र जसेच्या तसे वहीत लिहून ठेव, आणि मला फोन कर.

मेल पाच-सहा ओळींचा पुरे. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत पाठव, आणि दुकानदाराकडे रजिस्टर मागायला संध्याकाळी जा. महिनाअखेर टाळ, तेव्हा ते कामात असतात.

तुझी,
मावशी