पक्षाघाताची गणती : रुग्णालयाच्या वहीपलीकडे

माणसाचे तोंड अचानक वाकडे झाले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, वाचा बसली, की ‘अंगावरून वारे गेले’ असे आपल्याकडे म्हणतात. हाच पक्षाघात. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकते किंवा ती वाहिनी फुटते, आणि मेंदूचा तेवढा भाग निकामी होतो. आपल्या भिसेगाव-कर्जत परिसरात दर वर्षी हा आजार किती जणांना होतो, हे कसे मोजावे? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा थोडक्यात विचार केला आहे.

रुग्णालयाची वही अपुरी का?

तीन रुग्ण डोळ्यांसमोर आणा. पहिल्याला नातेवाईक गाडीत घालून पनवेल किंवा मुंबईला नेतात. दुसरी, डोंगरालगतच्या वाडीतील म्हातारी, दोन दिवसांत घरीच प्राण सोडते. तिसऱ्याचा झटका सौम्य असतो. तो मालिश करून घेतो आणि पाय ओढत पुन्हा कामाला लागतो. कर्जतच्या रुग्णालयातील वहीत या तिघांपैकी एकाचेही नाव येत नाही. म्हणजेच रुग्णालयाची वही तेथे पोहोचलेल्यांची संख्या सांगते, वस्तीतील आजाराची नव्हे.

मोजणीचे नियम

जागतिक आरोग्य संघटनेने विकसनशील देशांसाठी यावर तीन पायऱ्यांची पद्धत सुचविली. पहिल्या पायरीवर रुग्णालयात दाखल झालेले रुग्ण नोंदवावयाचे. दुसऱ्या पायरीवर रुग्णालयाबाहेर झालेले मृत्यू शोधावयाचे. त्यासाठी मृत्यूची नोंदवही पाहून घरच्यांकडे लक्षणांची पद्धतशीर विचारपूस करतात. तिसऱ्या पायरीवर घरीच राहून जगलेले रुग्ण शोधावयाचे. ही पायरी सर्वांत कष्टाची व खर्चाची. ज्याची जितकी ऐपत, तितक्या पायऱ्या त्याने चढाव्यात, अशी सोय या पद्धतीत आहे.

मात्र काही नियम पाळावेच लागतात. क्षेत्राची हद्द ठरलेली हवी व तेथील लोकसंख्या ठाऊक हवी. त्या हद्दीतील रहिवासी परगावी आजारी पडला तरी तो मोजावयाचा. पाहुणा म्हणून आलेला मोजावयाचा नाही. लक्षणे चोवीस तासांहून अधिक टिकली किंवा त्यांतच मृत्यू आला, तरच पक्षाघात धरावयाचा. पहिला झटका आणि पुन्हा आलेला झटका वेगळे लिहावयाचे.

मुंबई आणि गडचिरोली

या पद्धतीचे उत्तम उदाहरण मुंबईत घडले. लीलावती रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. पी. एम. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ व २००६ या दोन वर्षांत एच वॉर्डातील १,५६,८६१ लोकवस्तीची पाहणी केली. पहिल्यांदाच पक्षाघात झालेले ४५६ रुग्ण आढळले. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. दोन वर्षांत ४५६, म्हणजे वर्षाला २२८. त्यास लोकसंख्येने भागून एक लाखाने गुणले, की दर लाखास वर्षाला सुमारे १४५ हा आकडा येतो. सुमारे ८० टक्के रुग्णांत कारण गुठळीचे होते. दहांपैकी जवळजवळ तिघे २८ दिवसांच्या आत मरण पावले.

पण मुंबईचा आकडा खेड्याला जसाच्या तसा लावता येत नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात ८६ गावांतील प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले. ९४,१५४ वस्तीत १,५९९ मृत्यू झाले. त्यांपैकी २२९ पक्षाघाताने. मृत्यूच्या कारणांत पक्षाघात पहिला निघाला! त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट अशी, की पक्षाघाताचे ८७ टक्के मृत्यू घरीच झाले होते. केवळ रुग्णालयाच्या वह्या चाळल्या असत्या, तर यांतील बहुतेक माणसे हिशेबातच आली नसती. हा शहरी श्रीमंतांचा आजार आहे, हा समजही तसाच राहिला असता.

आपण काय करावे?

जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी खाट, औषध वा व्यायामोपचाराची सोय मागताना हाती आधार राहत नाही. म्हणून घरातील मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी आणि ‘म्हातारपण’ एवढेच न सांगता शेवटची लक्षणे सांगावीत. आशा सेविका किंवा पाहणी करणारे दारी आले, तर वय, तारीख व पूर्वीचा रक्तदाब यांची खरी माहिती द्यावी. घरात लुळे पडलेले माणूस असल्यास ते लपवू नये. त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. शिकलेल्या तरुणांनी आपापल्या वस्तीत या कामी हातभार लावावा.

गणती होईपर्यंत उपाय थांबवू नयेत. उच्च रक्तदाब हे पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण. तो तपासून घ्यावा, गोळ्या मध्येच सोडू नयेत, तंबाखू व मशेरी वर्ज्य करावी. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते, यांपैकी काहीही अचानक दिसताच मालिश करीत न बसता १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. गुठळी विरघळविणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही डोक्याचा सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच. म्हणून लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील, आणि गणतीच्या वहीतही ती नोंद उपयोगी पडेल.