जुन्या वस्तूचं बिल आपणच लिहायचं

सायली, परदेशातलं गिऱ्हाईक मिळालं, पैसे आले, आता खोकं बांधून टपालात टाकलं की सुटले, असं तू परवा म्हणालीस. खोकं कुणीही बांधतं गं. घोडं अडतं ते त्यावर चिकटवायच्या कागदापाशी. नव्या मालाला कंपनीचं बिल असतं, छापील किंमत असते, मॉडेल नंबर असतो. जुन्या बाजारातून रविवारी उचललेल्या समईला यातलं काय असतं? मग कस्टमवाल्यानं ती ओळखायची कशावरून? तू लिहिशील त्यावरून. जुन्या वस्तूचं बिल आपणच लिहायचं असतं, हा पहिला कानमंत्र. पुढचे सगळे यातूनच निघतात.

कागद दोन, वाचणारेही दोन. सीएन 22 किंवा सीएन 23 हा फॉर्म माल जिथे पोचणार त्या देशाच्या कस्टमसाठी. दोन किलोपर्यंतचं छोटं पाकीट आणि 300 एसडीआरपर्यंत (हे आंतरराष्ट्रीय हिशोबाचं एकक), म्हणजे साधारण चारशे डॉलरपर्यंत किंमत असेल तर सीएन 22 चालतो. त्यावर गेलं की सविस्तर सीएन 23. दुसरा कागद आपल्याच कस्टमसाठी, पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट. तू विकते आहेस, म्हणजे ही निर्यात झाली, मग खोक्यात एकच तबकडी का असेना. त्यासाठी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा क्रमांक लागतो. पॅन आणि बँक खातं असलं की विदेश व्यापार महासंचालनालयाच्या (डीजीएफटी) संकेतस्थळावर 500 रुपयांत मिळतो. पूर्वी या कामासाठी मुंबईतल्या बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्टाचं नाव घ्यावं लागायचं. 2022 पासून डाकघर निर्यात केंद्रं निघाली आहेत, तिथून हे बिल ऑनलाइन भरता येतं. दोन्ही कागदांवर वर्णन, वजन आणि किंमत जुळली पाहिजे. एकावर तीन नग आणि दुसऱ्यावर चार दिसले, की खोकं उघडलंच म्हणून समज.

‘जुनं सामान’ असं कधी लिहू नको. ‘भेटवस्तू’, ‘घरगुती वस्तू’, ‘सुटे भाग’ हेही नको. युरोपात अशी मोघम वर्णनं माल निघण्याआधीच, इलेक्ट्रॉनिक नोंदीतच अडकतात. वस्तू काय, कशाची, वापरलेली की नवी, किती नग, एवढं इंग्रजीत सरळ लिही: यूज्ड ब्रास ऑइल लॅम्प, एक नग, साधारण 1960. पुस्तकं असतील तर यूज्ड प्रिंटेड बुक्स, मराठी, तीन नग. ‘यूज्ड’ हा शब्द विसरू नको. चकचकीत घासलेली समई एवढ्या कमी किमतीला कशी, हा प्रश्न त्या एका शब्दानं मिटतो.

किंमत तीच, जी गिऱ्हाइकानं मोजली. इथे पुष्कळ जण घसरतात. कुणी आपण बाजारात मोजलेले दोनशे रुपये लिहितो, कुणी आजोबांच्या काळची किंमत, कुणी लिलावातल्या तशाच वस्तूचा भाव. कस्टमला यातलं काहीच नको असतं. हा सौदा कितीला झाला, एवढंच त्यांना हवं. ऑर्डरचा छापील कागद आणि पैसे आल्याची पावती खोक्यावरच्या पारदर्शक पाकिटात घाल. छापील किंमत नसलेल्या वस्तूला तेवढाच आधार असतो.

मग गिऱ्हाईक लाडीगोडी लावेल. न्यू जर्सीतली आपलीच मंडळी म्हणतील, ‘ताई, गिफ्टवर खूण करा ना, आणि दहा डॉलर लिहा.’ त्यांना गोड बोलून नाही सांग. विकलेली वस्तू भेट होत नाही. ‘सेल ऑफ गुड्स’ ही चौकट त्यासाठीच आहे. शिवाय दहा डॉलर लिहिलेलं खोकं हरवलं तर भरपाईही दहा डॉलरच्या हिशोबानंच मागता येते. त्यांची ड्युटी वाचवायला आपला विमा का बुडवायचा?

फॉर्मवरचा एचएस कोड, म्हणजे वस्तूचा वर्ग सांगणारा आकडा, कापड-धातू पाहून शोध, वय पाहून नाही. वस्तू जुनी झाली म्हणून तिचा कोड सहसा बदलत नाही. छापील पुस्तक नवं काय, जुनं काय, 4901. पितळेची घरगुती भांडी 7418, पितळी मूर्ती 8306, गाण्याच्या तबकड्या 8523. वापरलेल्या कपड्यांचा 6309 दिसला की नवखी माणसं लगेच तो टाकतात. पण तो गठ्ठ्यांनी, पोत्यांनी जाणाऱ्या कपड्यांसाठी आहे. एखादी जुनी पैठणी पाठवायची असेल तर आपल्या दरपत्रकात ती रेशमी कापडाच्या 5007 मध्ये बसते.

माल निघाला कुठून नाही, बनला कुठे ते लिही. ‘कंट्री ऑफ ओरिजिन’ पुढे सवयीनं इंडिया लिहिलं जातं. एचएमव्हीची तबकडी कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातली असेल तर ठीक. पण वाड्यातलं भिंतीवरचं घड्याळ जर्मनीचं असतं, मामाचा कॅमेरा जपानचा असतो. पुण्यात पन्नास वर्षं राहिला म्हणून तो भारतीय होत नाही. ड्युटीचा दर या रकान्यावर ठरू शकतो. वस्तूवरचा ठसा शोध, त्याचा फोटो काढ. ठसा नसेल तर वस्तूच्या जाणकाराला विचारून मगच लिही.

शंभर वर्षांची रेघ ओलांडू नको. हा कानमंत्र नीट ऐक. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी मूर्ती, नाणं, कारागिरीची वस्तू ही पुरावस्तू ठरते. शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेलं हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांतच त्या रेघेवर येतं. म्हणजे कुणाच्या माळ्यावरची मोडी दप्तरं आणि हाती लिहिलेल्या पोथ्याही आल्या. अशा वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, कितीही ड्युटी भरली तरी. वस्तू शंभरीच्या आतली आहे पण दिसते म्हातारी, असं असेल तर फोटो आणि मापं घेऊन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी आण. मुंबई मंडळाचं कार्यालय शीवच्या किल्ल्यापाशी आहे.

आणि एक गंमत ऐक. एचएसमध्ये 9706 हा कोड शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा. भारतातून निघणाऱ्या खोक्यावर तो लिहिणं म्हणजे आपल्याच हातानं कबुलीजबाब देणं. संकेतस्थळावर भाव यावा म्हणून ‘अँटिक, दीडशे वर्षं जुनं’ अशी जाहिरात करायची आणि फॉर्मवर ‘जुना दिवा’ लिहायचा, हेही जमणार नाही. अधिकारीही तीच जाहिरात उघडून वाचू शकतो. जाहिरातीत आणि फॉर्मवर एकच वय असू दे.

हाड, शिंग, पीस आणि लाकूड आधी बघ. सुरीची मूठ सांबरशिंगाची, फणी कासवाच्या पाठीची, डबीवर हस्तिदंताची नक्षी, पंख्याला मोरपीस: यातलं काही दिसलं तर ती वस्तू पाठवायची नाही. वन्यजीव कायदा वस्तूचं वय विचारत नाही. शिसवी लाकूड दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या सायटिस कराराच्या यादीत आहे, तेव्हा शिसवी पेटीची आधी चौकशी कर. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला लाकडी वस्तू जाणार असेल तर भुंग्याची भोकं तपास, आणि खोक्यात पेंढा भरू नको. समईतलं जुनं तेल आणि काजळी धुऊन काढ. घड्याळ-कॅमेऱ्यातले सेल काढून ठेव.

ड्युटी कोण भरणार, ते सौद्याआधी ठरव. नियम बदलतात आणि शिव्या आपल्याला बसतात. युरोपीय संघानं 1 जुलै 2021 पासून 22 युरोपर्यंतची व्हॅटमाफी काढून टाकली. ब्रिटनमध्ये 135 पौंडांपर्यंतच्या मालाचा व्हॅट विक्रीच्या वेळीच घेतात. छापील पुस्तकांना मात्र तिथे शून्य दर आहे, म्हणून लंडनच्या वाचकाला पुस्तकं पाठवणं सुखाचं. अमेरिकेनं 800 डॉलरपर्यंतची सूट 29 ऑगस्ट 2025 ला सगळ्या देशांसाठी बंद केली. त्यापायी आपल्या टपाल खात्यानं तिकडची बहुतेक पार्सलं थांबवली आणि 15 ऑक्टोबरला पुन्हा घ्यायला सुरुवात केली, ते ड्युटी इथेच, बुकिंगच्या वेळी घेण्याच्या व्यवस्थेनं. तेव्हा मागच्या महिन्याचा दर गिऱ्हाइकाला सांगू नको. बुकिंगच्या खिडकीवर आजचा विचार, आणि पोचल्यावर लागणारा कर कोणाच्या खिशातून जाणार ते त्याच्याकडून लिहून घे. मोठ्या संकेतस्थळावरून विकलंस आणि कर त्यांनीच कापला, तर त्यांचा कर क्रमांक टपालाच्या ऑनलाइन नोंदीत भर. तो राहिला तर गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा कर पडतो.

परतीची वाट आधीच आखून ठेव. माल पोचला नाही तर काय करायचं, याची चौकट पार्सलाच्या कागदांत असते. ‘परत पाठवा’ की ‘सोडून द्या’, हे परतीचा खर्च आणि वस्तूची किंमत तोलून ठरव. गिऱ्हाइकानं वस्तू परत केली तर त्याला फॉर्मवर ‘रिटर्न्ड गुड्स’ लिहायला सांग. आपलीच वस्तू आपल्याकडे आली, हे इथल्या कस्टमला दाखवायला बिल ऑफ एक्स्पोर्टची प्रत लागते, आणि पाठवताना काढलेले ओरखड्या-ठशांसकट फोटोही. जुन्या वस्तूला सिरियल नंबर नसतो. तिचा पोचा, तिची चीर हाच तिचा नंबर.

शेवटचं सांगते, हे मात्र रोज वापर. फॉर्म टपालात गेल्यावर भरायचा नसतो, बाजारातच भरायचा. वस्तू हातात घेतलीस की मनातल्या मनात रकाने भर: काय आहे, कशाची आहे, कुठली आहे, किती वर्षांची, कितीला जाईल. एखादा रकाना खरेपणानं भरता येत नसेल तर ती वस्तू इथल्याच गिऱ्हाइकासाठी ठेव, किंवा विकणाऱ्याच्या चादरीवर परत ठेव. घासाघीस त्यानंतर.