शनवार तेल्यांच्या ताटातले बिरडे

शाकाहाराचा विचार फक्त आपल्याकडचाच, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु ज्यू धर्मग्रंथातही तो आढळतो. त्यातील 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकात माणसाला प्रथम अन्न म्हणून मिळाले ते धान्य व फळे. मांसाची मुभा मिळाली नोहाच्या जलप्रलयानंतर, आणि तीही रक्त वर्ज्य करून. रब्बी अब्राहम आयझॅक कूक (१८६५-१९३५) यांनी ही मुभा म्हणजे तात्पुरती सवलत, असा अर्थ लावला. मुक्या जनावरांना यातना देऊ नयेत, नासाडी करू नये आणि स्वतःची प्रकृती जपावी, ही त्या धर्माची शिकवण आहे.

कोकणातील बेने इस्राएल समाज याच धर्माचा. तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. हा समाज मटण-मासे खातो. मात्र मांस व दूध एकत्र करायचे नाही, या नियमामुळे त्यांच्या कालवणात नारळाचे दूध आले. त्यांचा मलिदा पोहे, ओले खोबरे व फळांचा. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपवास तर 'बिरड्याचा रोजा' म्हणूनच ओळखला जाई.

आरोग्याच्या दृष्टीने मला हे वालाचे बिरडे मोलाचे वाटते. वालात प्रथिने, लोह व चोथा असतो. मोड आणल्याने 'क' जीवनसत्त्व वाढते. वर लिंबू पिळल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास कमी. वाल कच्चे मात्र खाऊ नयेत, नीट शिजवावेत. नारळाच्या दुधात संपृक्त चरबी बरीच असते. हृदयविकार असणाऱ्यांनी ते बेतानेच घ्यावे.

आता महत्त्वाची सूचना. दूध-दहीही सोडून केवळ वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांना 'बी-१२' जीवनसत्त्व अन्नातून पुरेसे मिळत नाही. थकवा, जीभ लाल होणे, पायांना मुंग्या, विसराळूपणा ही त्याच्या कमतरतेची लक्षणे. पायांच्या मुंग्या 'वयामुळे' म्हणून अंगावर काढणारे रुग्ण मी नेहमी पाहतो. उशीर झाल्यास मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. रक्ततपासणीने निदान होते व गोळ्या-इंजेक्शनांनी उपचार. गर्भवती व स्तनदा मातांनी तर विशेष जपावे, कारण बाळाचा पुरवठा आईकडूनच होतो.

जीव वाचवण्यासाठी शब्बाथचा नियमही मोडावा, असे ज्यू धर्म सांगतो. मग आहाराचे व्रत कोणतेही असो, डॉक्टरांच्या सल्ल्याने 'बी-१२'ची गोळी घेण्यात कमीपणा कसला?