तुटलेला बोल्ट

आमच्या गावाहून तालुक्याला जायचे म्हणजे घाट उतरावा लागतो. मार्च महिन्यातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. गावच्या सात मुली जीपने परीक्षेला जाणार होत्या. आणि नेमका त्याच दिवशी जीपचा पाण्याचा पंप गळू लागला.

जीप नाक्यावरच्या गॅरेजात आणली. मीही तिथे जाऊन बसलो. शाळा सुटली तरी मास्तरची काळजी सुटत नाही.

मंडळी, हा पंप इंजिनात पाणी फिरवतो. पाणी फिरले की इंजिन थंड राहते. पाणी गळून गेले की इंजिन तापते. फार तापले तर गाडी वाटेतच बंद पडते.

मिस्तरींनी पंप काढायला हाताखालच्या पोराला सांगितले. तीन बोल्ट निघाले. चौथा हलेना. पोराने पान्यावर लांब पाईप चढवला आणि सगळ्या अंगाचा जोर दिला. ‘कट्’ असा आवाज झाला. बोल्टचे डोके खाली पडले. बाकीचा बोल्ट इंजिनातच राहिला.

पोराचे तोंड उतरले. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “गुरुजी, मिस्तरींना सांगू नका. डोकं वरनं चिकटवून टाकतो. कुणाला दिसायचं न्हाई.”

मी म्हणालो, “दिसायचं नाही, पण गळायचं थांबेल का? उद्या गाडीत सात लेकी बसणार आहेत. तूच जाऊन सांग.”

पोरगा भीत भीत गेला. त्याने खरे ते सांगितले. मिस्तरी म्हणाले, “माझ्या हातनंबी तुटलेत. सांगितलंस ते बरं केलंस. आता जवळ बस आन् बघ.”

मी विचारले, “मिस्तरी, बोल्ट एवढा अडकला कशानं?”

“गंजानं, गुरुजी. लोखंड गंजलं की फुगतं. पावसाळ्यात दार चौकटीत फुगून बसतं, तसा बोल्ट आट्यांत बसतो. मग नुसत्या जोरानं निघत न्हाई, तुटतो.”

पंप बाजूला झाला. बोल्ट भोकाच्या तोंडाशी तुटला होता. पकडीने धरायला जागाच नव्हती. मिस्तरींनी गंज सैल करणारे तेल त्यावर सोडले. हातोडीने हलके हलके ठोकले. मग चहा मागवला.

पोरगा म्हणाला, “मिस्तरी, उशीर होतोय.”

“तेल आत मुरू दे. घाई केलीस म्हणून तर तुटला.”

अर्ध्या तासाने काम पुन्हा सुरू झाले. लोखंडाचा कीस आत जाऊ नये म्हणून मिस्तरींनी पाण्याच्या वाटेत चिंधी कोंबली. डोळ्यांवर चष्मा चढवला. बोल्टच्या बरोबर मध्यावर पंचाने खूण केली. त्या खुणेवर ड्रिलने आधी बारीक भोक पाडले, मग थोडे मोठे केले. भोक कडेला गेले असते तर इंजिनाचे आटे खराब झाले असते.

मग त्यांनी उलट्या आट्यांची एक पोलादी कांडी भोकात बसवली. ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवली की बोल्टला आतून धरते आणि बाहेर ओढते.

पोराने कांडी फिरवली. बोल्ट हलेना. त्याने जोर लावला. मिस्तरींनी त्याचा हात धरला.

“पुन्हा तीच चूक? ही कांडी फार कठीण असते. आत तुटली तर साधं ड्रिल तिला कापत न्हाई.”

पुन्हा तेल सोडले. पुन्हा हलके ठोकले. पुन्हा थांबले. आता पोराने बेताने हात लावला. ‘कर्र’ असा आवाज झाला. बोल्ट केसभर हलला. मग जरा जरा करत सगळा बाहेर आला. पोराने तो तळहातावर घेतला आणि हसला.

पुढचे काम सोपे होते. आटे साफ केले. चिंधी आठवणीने काढली. तितकाच जाड, तितकाच लांब आणि त्याच आट्यांचा नवा बोल्ट आणला. नवा पंप बसवला. चारही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले. पाणी भरून इंजिन चालू केले. थेंबही गळला नाही. तेव्हा दिवे लागले होते.

सकाळी जीप घाट उतरून गेली. मुली वेळेवर पेपरला बसल्या.

मंडळी, काम करणाऱ्याच्या हातून चूक होते. ती सांगितली तर दुरुस्त होते. लपवली तर तिचे मोल दुसऱ्याला द्यावे लागते.

शब्दांचे अर्थ
आटे – बोल्टवरचे गोल फिरत जाणारे खाचे
आळीपाळीने – एकामागून एक, पाळी लावून
बेताने – जपून, हलक्या हाताने

प्रश्न
१. बोल्ट का अडकला होता?
२. भोक बरोबर मध्यावर का पाडावे?
३. पोराने चूक लपवली असती तर घाटात काय झाले असते?
४. तुमच्या हातून झालेली एखादी चूक आणि ती कशी सुधारली, ते चार ओळींत लिहा.