नर्सिंगला मुलगी घालताय? फीच्या पावतीपलीकडचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की नर्सिंग कॉलेजांचे फोन सुरू होतात. ‘मुलींना फी माफ आहे, सीट अडवून ठेवा.’ फोन ठेवा आणि आधी कागद-पेन घ्या.

फीमाफी खरी आहे. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. मात्र प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की ही सवलत गेली. खासगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठातही ती धरून चालू नका. म्हणून ‘राउंडची वाट कशाला बघता, थेट या’ असं कुणी म्हणालं, तर त्या घाईची किंमत तुम्हीच मोजणार आहात.

आता बी.एस्सी. नर्सिंगच्या चार वर्षांचा हिशेब. समजा, खासगी कॉलेजची फी वर्षाला ८० हजार, वसतिगृह आणि मेस दहा महिन्यांचे ७० हजार, गणवेश, पुस्तकं, पोस्टिंगला जाण्या-येण्याचा खर्च १५ हजार. वर्षाचे झाले एक लाख ६५ हजार, चार वर्षांचे सहा लाख ६० हजार. फी पूर्ण माफ झाली तरी तीन लाख ४० हजार घरातूनच जातात. माफीने भार जेमतेम निम्मा होतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या कॉलेजचे आकडे त्या जागी घाला. मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते. त्याहून जास्त मागितली तर लेखी कारण मागा आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. कॅपिटेशन फीवर राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे.

राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी वेगळा शोध घ्यावा लागतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृह मिळालं नाही, तर स्वाधार योजनेतून मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत मदत मिळते. खुल्या प्रवर्गातल्यांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना महाडीबीटी पोर्टलवर तपासावी. उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं प्रवेशाआधीच तयार ठेवा. अनेक अर्ज तिथेच अडकतात. शिष्यवृत्तीचा पैसा उशिरा येतो, तोवर कॉलेज तगादा लावतं. पहिल्या वर्षापुरती रक्कम हाताशी असू द्या.

पण माझ्या मते सगळ्यात महाग पडतं ते शिक्षकांशिवायचं आणि रुग्णांशिवायचं कॉलेज. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. म्हणजे ६० जागांच्या कॉलेजात चार वर्षांचे २४० विद्यार्थी धरले, तर २४ शिक्षक लागतात. कॉलेजात गेलात की प्राचार्यांच्या खोलीबाहेर लागलेला वेळापत्रकाचा कागद वाचा. त्यावर पाच-सहाच नावं फिरून फिरून दिसत असतील, तर बाकीचे शिक्षक तपासणीच्या दिवशीच येतात की काय, हे विचारा. शासकीय कॉलेजातही हे विचारा. तिथं फी हजारांतच असते, कारण पगार, इमारत, रुग्णालय सगळं जनतेच्या करातून चालतं. पण शिक्षकांची पदं रिकामी राहिली की वर्ग बुडतात आणि विद्यार्थिनी वॉर्डात मनुष्यबळाची भर म्हणून उभ्या राहतात. ड्युटी भरपूर, शिकवणं शून्य. तरीही निवड करायची झाली, तर मी शासकीय जागेच्याच बाजूने आहे. तिथं खाटा भरलेल्या असतात आणि हात चालवायला मिळतात.

तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला गाठा आणि तिचं लॉगबुक मागा. तिला विचारा: ‘यातली किती बाळंतपणं तू स्वतः केलीस, किती नुसती लिहिलीस? सही कुणाची, सिस्टर इन्चार्जची की कॉलेजातच बसून घेतलेली?’ ती थबकली, तर पुढच्या कॉलेजकडे वळा.

खर्च टाळण्याची आणखी एक वाट आहे. पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय (एएफएमसी) आणि मुंबईचं नौदलाचं रुग्णालय आयएनएचएस अश्विनी इथं लष्करी परिचर्या सेवेसाठी मुलींना शिक्षण आणि राहणं मोफत असतं. त्याबदल्यात सेवेचा करार द्यावा लागतो. नीटची तयारी असेल, तर हा पर्याय पहिला बघा.

कर्ज घेणार असाल, तर पाच लाखांवर १० टक्के दराने दहा वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे ६,६०० रुपये पडतो. परतफेड साधारण अभ्यासक्रम संपल्यावर वर्षाने सुरू होते. कॉलेजच्या मागच्या बॅचच्या मुलींना पहिला पगार किती मिळाला, हे त्यांनाच फोन करून विचारा आणि खोलीभाडं वजा करून त्यात हा हप्ता बसतो का ते बघा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाल्याशिवाय नोकरी सुरू होत नाही. त्या नोंदणीला मागच्या बॅचला किती महिने लागले, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.