भूकंप, ज्वालामुखी आणि आपला डोंगर : दोन सोपे प्रयोग



भूकंपाचा पाठ चालू असताना एका मुलीने विचारलं, "बाई, इर्शाळवाडीत भूकंप झाला होता का?" कर्जत-खालापूरच्या वर्गात हा प्रश्न येणारच. उत्तर आहे, नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिथे अतिवृष्टीत दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. म्हणून सोडा-व्हिनेगरच्या ज्वालामुखीसोबत हे दोन प्रयोगही घ्या.

प्रयोग १ : डोंगर कसा बनला?

साहित्य : पुठ्ठा, दोन विटा, मैद्याची घट्टसर खळ, दोन रंग, दुधाच्या रिकाम्या पिशव्या.

कृती : पुठ्ठ्याला मधोमध लांब चीर पाडून तो विटांवर ठेवा. रंगीत खळ पिशवीत भरा, कोपरा कापा आणि खालून चिरेतून वर दाबा. खळ शंकू न होता पसरते. सुकली की चीर मोकळी करून दुसऱ्या रंगाचा थर द्या.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे लाव्हा असाच भेगांतून आला, थरावर थर साचले. आपला काळा दगड तो हाच, बेसॉल्ट. माथेरानच्या कड्यावरचे आडवे थर मुलांना दाखवा.

प्रयोग २ : दरड का कोसळते?

साहित्य : लाकडी पाट, माती, झाकणाला भोकं पाडलेली पाण्याची बाटली.

कृती : पाटावर दोन बोटं जाड माती थापा. एक बाजू उचलून चांगला उतार करा. पाणी शिंपडत राहा. माती घसरेपर्यंत किती पाणी लागलं, ते मुलांना मोजू द्या.

आधी माती पाणी पिते, जड होते. मग कणांमध्ये पाणी भरून पकड सुटते. पुन्हा करताना माती भिजल्यावर पाटाला टिचकी मारा. भूकंपाचा हादराही असाच दरड आणू शकतो.

शेवटी फळ्यावर लिहा : पावसाळ्यात जमिनीला नवी भेग पडली, झाडं किंवा खांब कलले, ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर लगेच मोठ्यांना सांगायचं, उतारापासून बाजूला जायचं, ११२ ला फोन करायचा.

एक विनंती. वर्गात दरडीत माणसं गमावलेलं मूल असेल, तर त्याच्याशी आधी बोला. त्याला बघायचं नसेल तर आग्रह नको. बाकीच्यांना मात्र आज घरी जाऊन हा प्रयोग आई-बाबांना सांगायला लावा. खुणा घरातल्या सगळ्यांना माहीत हव्यात.